बारा खराटे

शाळेत नाव घालताना मास्तरांनी माझी जन्मतारीख विचारली, तेव्हा आईने सांगितलं, "पाऊस लागायच्या आधी." मास्तरांनी १ जून लिहिली आणि विषय मिटवला. आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र असाच १ जूनला जन्मलेला आहे. एसटीसुद्धा. पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला निघाली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी धाकटी.

महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्या सरकारी नोकराला आदल्या महिनाअखेरीलाच घरी पाठवतात. मी पोस्टातून निवृत्त झाले ती ३१ मे २०१५ रोजी. तो रविवार होता, म्हणून नारळ, शाल आणि भाषणं शनिवारीच उरकली. सोमवारी सकाळी सवयीने साडेपाचला उठले, डबा भरायला घेतला आणि मग आठवलं. तो डबा मी दहा वाजता स्वतःच खाल्ला.

दुपारी बाहेर जाऊन दोनशे पानी लाँगबुक आणलं. ठरवलं, आता फिरायचं आणि तिकिटं यात चिकटवायची. त्या वहीला आता दहा वर्षं झाली. कंडक्टरच्या मशीनमधून निघणारं तिकीट वर्षभरात पांढरं पडतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या पानांवर नुसत्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. कुठून कुठे, हे शेजारी पेनाने लिहिलं म्हणून कळायचं. पुढे आणखी एक गंमत झाली, ती ओघात येईलच.

छत्तीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला खिडकीबाहेरचं सगळंच नवीन असतं. मी लांब कुठे गेले नाही. सुरुवात हरिपूरपासून केली. सांगलीच्या आमच्या गावभागातून चालत निघालं की चिंचांच्या रस्त्याने संगमेश्वराला पोचता येतं. कृष्णेत वारणा मिळते तिथे घाटावर बसायचं आणि परत यायचं. 'शारदा' नाटक लिहिणारे देवल या हरिपूरचे, हे शाळेपासून पाठ होतं. पण हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत, हे मी साठाव्या वर्षी पाहिलं. पेवाच्या तोंडाशी उभा असलेला एक म्हातारा मला म्हणाला, "२००५ च्या पाण्यानं लई पेवं गेली, बाई. पाणी आत शिरलं की पेव मेलं." मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

मग नरसोबाची वाडी, औदुंबर, सागरेश्वर. खिद्रापूरला तर चार वेळा गेले. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला छप्पर नाही, वर गोल आभाळ आहे. त्याच्या बरोबर खाली उताणं पडून वर बघायचं असतं, हे मला एका शाळेच्या सहलीतल्या पोराने शिकवलं. त्याच्या शेजारी मीही पडले. पोस्टातल्या कोणी पाहिलं असतं तर पेन्शन थांबवली असती.

एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' नावाची योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हवं तिथे जायचं. मी सात दिवसांचा काढायची. घरच्यांना आधी सांगायची नाही. पुण्याला मुलगा आहे, सून नोकरी करते, नातू लहान होता. "आई आता रिकामीच आहे," हे वाक्य त्या घरात किती सहज फिरतं, हे मी पाहिलं होतं. बाईची निवृत्ती म्हणजे घरातली सामायिक विहीर, ज्याला लागेल त्याने बादली सोडावी. म्हणून मी पहिली तीन-चार वर्षं माझ्या वेळाला कुंपण घातलं होतं, आणि ते जरा जास्तच उंच घातलं. ते कसं, हेही सांगते.

त्याआधी लातूर. २०१६ चा उन्हाळा. लातूरला पाणीपुरवठा करणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सोडायचं ठरलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी. ११ एप्रिलला ती निघाली आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावून दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, ती एका खेपेला २५ लाख लिटर नेई.

मी मिरज स्टेशनवर वाघिणी भरताना बघायला गेले होते. मला उद्योग नव्हता आणि त्याची लाजही नव्हती. आमच्या कृष्णेचं पाणी पाइपातून वाघिणीत पडत होतं आणि आम्ही रिकामे लोक पुलावरून बघत होतो.

लातूरला माझी पोस्टाच्या ट्रेनिंगमधली मैत्रीण राहते. तिला फोन करून म्हटलं, येते. ती म्हणाली, "ये की. पण येताना आंबे नको, पाणी आण." मला वाटलं चेष्टा आहे. मग वीस लिटरचा कॅन घेऊन एसटीत बसले. कंडक्टरने कॅनकडे बघितलं, मी कुठे निघालेय ते विचारलं, आणि सामानाचं तिकीट फाडलं नाही.

तिच्या घरी तीन दिवस राहिले. आंघोळ परातीत उभं राहून करायची. परातीतलं पाणी बादलीत, बादलीतलं फरशीला, फरशीचं संडासात. ताटं राखेने घासून फडक्याने पुसायची. तिने हे सगळं मला असं दाखवलं, जसं नव्या क्लार्कला कॅशबुक लिहायला शिकवावं. कुठेही कुरकूर नाही. मी सांगलीला परतले, नळ सोडला आणि बराच वेळ तसाच बघत राहिले. लातूरच्या त्या तीन दिवसांची चार पानं वहीत आहेत. होती म्हणायला हवं.

आता कुंपणाची गोष्ट. आमची इमारत तीन मजली आहे. तळमजल्यावर मी आणि शिंपीकाम करणारं एक कुटुंब. पहिल्या मजल्यावर काकू. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकूच म्हणते, त्या मला 'अगं'. मुलं परदेशी, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. २०१८ च्या हिवाळ्यात काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, एक दिवस सोबत येशील का. त्याच तारखेचं माझं हंपीचं रिझर्वेशन होतं. बायकांना रेल्वेत तेव्हा ५८ व्या वर्षापासून निम्मं तिकीट असे. (ती सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती अजून बंदच आहे.) मी म्हटलं, "काकू, रिझर्वेशन आहे हो." त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे. रिक्षावाला ओळखीचा आहे."

ऑपरेशन छान झालं. काही बिघडलं नाही. हंपीही छान झाली. पण विठ्ठल मंदिराच्या दगडी रथासमोर उभी असताना मला काकूंच्या डोळ्यावरची हिरवी पट्टी आठवत होती, जी मी पाहिलीच नव्हती.

पुढच्याच पावसाळ्यात २०१९ चा पूर आला.

सांगलीकर पाणी फुटात मोजतो, आणि तेही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्यापुढचं प्रत्येकाच्या घराच्या पायरीवर अवलंबून. २००५ साली ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, तेव्हा आमच्या तिसऱ्या पायरीला टेकून मागे फिरलं. त्यामुळे गल्लीत सगळ्यांचा हिशेब पक्का होता: २००५ ला आलं नाही, म्हणजे येत नाही. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. चिरायचं-तळायचं नसतं म्हणून मी पुरणाची दिंडं वाफवली, शिंप्याच्या पोरांना दिली, आणि खबरदारी म्हणून सामान टेबलावर आणि खाटेवर ठेवलं. तिसऱ्या पायरीच्या मानाने ती चैनच होती.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

नागपंचमीनंतर दोन दिवसांनी रात्री दाराच्या फटीतून ते आत आलं. आवाज अजिबात नव्हता. पोतं भिजतं तसं ते फरशीवर पसरलं. मी बॅटरी घेऊन उभी होते आणि ते कुठपर्यंत येतंय हे बघत होते. शहाण्या माणसाने तेव्हा काय करायला हवं हे मला माहीत होतं, पण पाय हलत नव्हता. काकू जिन्यात आल्या आणि वरूनच ओरडल्या, "अगं, पाणी काय बघत बसलीस? वर ये." मी गेले. त्यांनी मला त्यांची खाट दिली आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला आता अंधारातलं दिसतं. तुला रात्री उठायला लागलं तर धडपडशील."

हंपीबद्दल तेव्हाही नाही, नंतरही नाही, त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकूंच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा जण चार दिवस होतो. वीज नाही, नळ नाही. सगळीकडे पाणी आणि प्यायला नाही, म्हणून गच्चीच्या पन्हळीखाली पातेली लावली. लातूरची परात तेव्हा कामी आली. शिंप्याच्या बायकोला मी सांगितलं, हे पाणी त्याला, ते पाणी ह्याला, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. ८ तारखेला ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, ती बातमी मोबाइलच्या शेवटच्या बॅटरीवर आली. त्यानंतर बोट दाराशी येऊनसुद्धा शिंप्याची आई एक दिवस उतरायला तयार नव्हती. शेवटी बोटीवरच्या पोराने तिला "आजी, डोळे मिटा आणि माझ्या गळ्यात हात घाला" म्हणून उचललं. ती पोरं कुठली, नाव काय, मला आजही माहीत नाही. विचारायला हवं होतं.

पाणी उतरल्यावर घरात आले तेव्हा भिंतीवर माझ्या छातीच्या खाली एक सरळ रेघ होती, पट्टीने मारल्यासारखी. रेघेच्या खाली गाळ. टेबलाच्या खणात वही होती. तिचा लगदा झाला नव्हता, ती वीट झाली होती.

आणि मग मदत येऊ लागली. कोपऱ्यावर ट्रक थांबत, लोक मनापासून देत. याबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही. पण आमच्या चौकात जुन्या कपड्यांचा माझ्याइतका उंच ढीग झाला. त्यात जरीचे फ्रॉक होते, सुटातली एकटी पँट होती, एकेकटे बूट होते. पावसात ते भिजले आणि गाळात आणखी एक गाळ झाला. बिस्किटं इतकी आली की शिंप्याची पोरं ती बघून रडत. घरात गुडघाभर चिखल, आणि हातात बिस्किटाचे पुडे. काय करायचं?

त्याच सुमारास लातूरहून एक टेम्पो आला. मैत्रिणीच्या कॉलनीने वर्गणी काढून पाठवलेला. ड्रायव्हरने माझं नाव विचारलं आणि मागचं फाळकं पाडलं. आत लांब दांड्याचे बारा खराटे, फावडी, घमेली, रबरी वायपर, फिनेलचे कॅन, गमबूट आणि एका खोक्यात नवे परकर, चड्ड्या आणि सॅनिटरी पॅड. कपडा म्हणावा असा एवढाच. खायला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बिस्किट एक नाही.

मी फोन केला. म्हटलं, तुला कसं सुचलं? ती म्हणाली, "सुचायला काय झालं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी औशाच्या पोस्टात होते ना." किल्लारी औसा तालुक्यात. भूकंपानंतर देशभरातून आलेले कपड्यांचे ढीग तिने तेव्हा बघितले होते, आणि आपल्याच ओळखीच्या बायका त्यात परकर शोधताना बघितल्या होत्या. "कुणी विचारतच नाही गं," ती म्हणाली. "देणारा आपलं कपाट बघून देतो."

बारा खराटे चौदा घरांत फिरले. गाळ ओला असतानाच काढावा लागतो. एक दिवस उशीर झाला की तो सिमेंट होतो, हे शिकायला आम्हाला एक खोली वाया घालवावी लागली. साध्या केरसुणीने तो पसरतो, निघत नाही.

माझा स्वतःचा उपयोग मात्र मला खराट्याने कळला नाही. तो कळला पासबुकांनी. सरकारने शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं. त्यातले ५ हजार रोख, बाकीचे खात्यात. खात्यात म्हणजे पासबुक आलं, आणि गल्लीतली पासबुकं माझ्या वहीसारखीच विटा झाली होती. लोक ती उन्हात उघडून वाळवत, पानं फाटत. मी म्हटलं, आणा इकडे. भिजलेलं पासबुक उघडायचं नाही. आधी दोन लाकडी पाटांमध्ये दाबून पाणी काढायचं. मग कोऱ्या कागदात ठेवायचं, वर्तमानपत्रात नाही, नाहीतर बातम्या पासबुकावर उमटतात. दर तासाला कागद बदलायचा. पानं सुटायला लागली की मध्ये टाल्कम पावडर भुरभुरायची, आणि शेवटी सुती फडक्यावरून कोमट इस्त्री. मी काकूंच्या खोलीत बसून अशी चाळीसच्या वर पासबुकं सोडवली. बॉलपेनाने लिहिलेलं टिकलं होतं. शाईच्या पेनाने लिहिलेली जुनी बचत प्रमाणपत्रं मात्र निळा ढग झाली होती. ती लिहिणाऱ्यांत एक हात माझाही होता. तो निळा ढग बघून शिंप्याची आई मला म्हणाली, "बाई, पैसे गेले का?" मी सांगितलं, पैसे पोस्टाच्या खतावणीत आहेत, जात नाहीत. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. छत्तीस वर्षं खिडकीत बसून कुणी माझा हात धरला नव्हता. मध्ये जाळी असते ना.

अर्ज भरले, पंचनाम्याच्या प्रती काढल्या, तलाठ्यासमोर रांग धरली. त्या दोन महिन्यांत मी कुठेही गेले नाही आणि मला ते आठवलंही नाही. रिकामा माणूस गल्लीत एक तरी असावा लागतो. पैसे देणारे पुष्कळ असतात. मंगळवारी सकाळी अकराला कचेरीत येऊन बसू शकेल असा माणूस शोधून सापडत नाही.

२०२० बद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांनी तेच लिहिलं आहे. आमच्या जिल्ह्यात इस्लामपूरपासूनच करोनाची सुरुवात झाल्याने धास्ती जरा आधीच बसली, इतकंच. १ जून २०२० ला मी ६५ पूर्ण केली आणि एसटीच्या निम्म्या तिकिटाला पात्र झाले. त्या दिवशी जिल्ह्याबाहेर जाणारी नेहमीची एकही गाडी रस्त्यावर नव्हती. ती ऑगस्टात सुटू लागली. आणि '६५ वर्षांवरील नागरिकांनी घराबाहेर पडू नये' म्हटल्यावर, चाळीस पासबुकं सोडवणारी मी एकदम मदतीला पात्र झाले. शिंप्याचा मोठा मुलगा रोज दारात भाजीची पिशवी ठेवून, बेल वाजवून पळायचा. मला मेथी नको असे, तो मेथीच आणी. आठ दिवस चिडून काढले आणि मग गप्प बसून मेथी निवडायला लागले. घेणं देण्यापेक्षा अवघड आहे, निदान मला.

जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, ५५ फुटांच्या आसपास. या वेळी ४० फुटांनाच आम्ही हाललो. मी आदल्या वर्षीच यादी केली होती: कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाची आजी जिना चढू शकत नाही, कुणाचं गॅस सिलिंडर कोण उचलेल, कागदपत्रांची पिशवी कुणाच्या वरच्या मजल्यावर. पोस्टाच्या फॉर्मसारखे रकाने पाडले होते. काकूंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "यात तुझं नाव कुठाय?" मी लिहायचं विसरले होते. त्यांनीच पेन घेऊन शेवटी लिहिलं: 'तळमजला, एकटी, पाणी बघत बसते. हाताला धरून आणावी.' ती यादी अजून जिन्यात लावलेली आहे.

मार्च २०२३ मध्ये एसटीने सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट केलं. मला आधीच निम्मं असल्याने फायदा शून्य, पण स्टँडवर बायकांची गर्दी झाली ती बघायला छान वाटली. आता शिंप्याची सून माझ्याबरोबर येते. तिने लग्नानंतर सात वर्षांत माहेरचं जयसिंगपूर आणि वाडी सोडून काही पाहिलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तिला खिद्रापूरला नेलं आणि स्वर्गमंडपाखाली पड म्हटलं. ती लाजली, आजूबाजूला बघितलं, आणि पडली. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पण त्या वाडीपलीकडे येत नाहीत. दुसऱ्या डोळ्याला ऑपरेशन लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ती परतफेड राहिलीच.

नवी वही २०१९ च्या दिवाळीत घेतली. जुनीसुद्धा टाकली नाही. पासबुकासारखी सोडवायचा प्रयत्न केला, पण लातूरची चार पानं सुटली नाहीत. पेन शाईचं होतं.

हे जुलैमध्ये लिहिते आहे. ऑगस्ट संपेपर्यंत मी कुठलंही रिझर्वेशन करत नाही, असा आता नियम आहे. बारापैकी सात खराटे शिल्लक आहेत, जिन्याखाली उभे करून ठेवलेत. यंदा कुठे पूर आला, आमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या गावात, आणि तुम्हाला काही पाठवावंसं वाटलं, तर आधी फोन करून विचारा. विचारायला कुणी सापडलं नाही, तर साड्या नकोत. खराटे पाठवा, लांब दांड्याचे.